काठावरची साखर

इंटरनेटवरून वजन कमी होतं, हे मला पहिल्यांदा मदनआण्णांनी सांगितलं आणि मी त्यांच्या तोंडावर हसले.

साल नव्याण्णव. सांगलीच्या गावभागात माझा टायपिंगचा क्लास होता आणि तिथं नुकतंच इंटरनेट आलं होतं. आलं होतं म्हणजे, फोनच्या वायरीला जोडलेला एक डबा बराच वेळ कुईकुई करायचा आणि त्याच्या मनात असलं तर लागायचा. एक फोटो वरून खाली उतरेपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा. अशा यंत्रातून आण्णांचं पोट कसं उतरणार, हे मला कळेना.

"हसू नगंस," आण्णा म्हणाले. "ब्राह्मीनं नाव घातलंय माझं. दर आठवड्याला ते विचारत्यात, आपुन सांगायचं. मग ते सांगत्यात, आपुन करायचं."

"ते म्हणजे कोण?"

"तिकडची एक संस्था हाय. अमेरिकेची."

"सांगलीत कोण काय खातंय याच्याशी अमेरिकेला काय करायचंय?"

"ते तूच विचार त्यास्नी. इंग्रजी तुला येतंय."

माझं नाव अबोली. ज्यांनी ठेवलं त्यांना मी मोठेपणी काय होणार याची कल्पना नव्हती. वडील गेले, क्लास राहिला आणि क्लासबरोबर मी राहिले. टायपिंगला मुलं येईनाशी झाली तशी मी झेरॉक्सचं यंत्र घेतलं, मग दारात काचेचं खोकं उभं करून एसटीडी-आयएसडीचा फोन ठेवला आणि शेवटी हे इंटरनेट. आण्णांची लेक ब्राह्मी माझीच विद्यार्थिनी. बोटं भरभर चालायची तिची, आणि तोंड त्याहून. जयसिंगपूरच्या भरतेशशी लग्न होऊन ती अमेरिकेला गेली. भरतेश तिकडं कॉम्प्युटरमध्ये होता. तिच्या व्हिसावर तिला मात्र नोकरी करायची परवानगी नव्हती. आण्णा हे मार्केट यार्डात सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, "राणीसारखी बसून खाती माझी पोरगी. भांडी घासायला सुद्धा मशीन हाय."

आण्णा म्हणजे मदन आवटी, गुळाचे दलाल. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, डोक्याला टोपी, आणि माणसाच्या आधी दारातून आत येणारं पोट. मार्केट यार्डात सकाळी सौदे निघतात तेव्हा गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, ओळीनं मांडलेल्या असतात आणि व्यापारी त्यांच्याभोवती फिरत असतात. रंग डोळ्याला दिसतो, कणी बोटाला कळते. पण नदीकाठच्या खारवट रानातला ऊस असेल तर गुळाला मागाहून एक खारट चव येते, आणि ती जिभेशिवाय कळत नाही. आण्णा रव्याचा टवका काढून तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे. सगळे थांबलेले असायचे. त्या एवढ्याशा वेळात आख्खं यार्ड आपलं आहे, असं त्यांना वाटत असणार.

त्यांच्या जिभेपेक्षा त्यांच्या शब्दाला मान होता. ब्राह्मीची आई, पद्मावतीकाकू, गेल्यावर आण्णांनी जैन बस्तीत आलेल्या मुनिमहाराजांसमोर खोटं न बोलण्याचं व्रत घेतलं. दलालानं असलं व्रत घेणं म्हणजे कुंभारानं चिखलाला हात लावणार नाही म्हणण्यासारखं, असं यार्डातले लोक तेव्हा म्हणाले. पण आण्णांनी ते पाळलं. शेतकऱ्याचा गूळ खारट असला तर शेतकऱ्यासमोर सांगायचे, आणि चांगला असला तर घेणाऱ्याला सांगायचे की भाव कमी लावतोयस. हळूहळू दोन्हीकडचे लोक त्यांनाच शोधायला लागले.

काकू साखरेनं गेल्या. आधी पाय गेला, मग किडन्या. ब्राह्मीचे व्हिसाचे कागद कुठंतरी अडकले होते, तिला आईला बघायला येता आलं नाही. ते तिच्या मनात राहिलं. म्हणून मग आण्णांच्या रक्तात साखर काठावर आली आहे, अजून मधुमेह नाही पण होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिनं तिकडून हे सगळं जुळवलं. मधुमेह व्हायच्या आधीच माणसाला मागं ओढायचं, असा तो कार्यक्रम होता. खाणं, चालणं, वजन, सगळं ई-मेलवर.

तर दर सोमवारी आण्णा माझ्याकडं यायचे. तिकडून प्रश्न आलेले असायचे. या आठवड्यात वजन किती, काय काय खाल्लं, किती चाललात, ठरलेलं सोडून काही खाल्लं का, आणि शेवटचा प्रश्न, खाल्लं असेल तर कारण काय. मी मराठीत विचारायचे, आण्णा सांगायचे, मी इंग्रजीत बडवायचे. आमचं उत्तर कॅरन नावाच्या बाईंकडं जायचं आणि त्याची एक प्रत ब्राह्मीला. दोन दिवसांनी कॅरनबाईंचं उत्तर यायचं. सुरुवातीला 'प्रिय मदन'.

"आरं तिच्या," आण्णा म्हणाले होते, पहिल्यांदा मी ते वाचल्यावर. "एकदम मदन? ब्राह्मीच्या आईनं पण कधी नाव घेतलं न्हाई."

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. कॅरनबाईंनी गाजर खा म्हणून कळवलं. आण्णा जमिनीखालचं काही खात नाहीत, हे मी कळवलं. त्यांनी विचारलं, कसली ॲलर्जी आहे का? मी लिहिलं, धर्म आहे. मग आण्णा दिवस मावळायच्या आत जेवतात हे त्यांना कळलं तेव्हा त्या फार खूश झाल्या. ही उत्तम सवय तुम्ही कुठं शिकलात, असं त्यांनी विचारलं. आण्णा बराच वेळ विचार करून म्हणाले, "लिव, पाळण्यात."

वजन करायला घरी काटा नव्हता. आण्णा यार्डातल्या अडत दुकानात गुळाच्या काट्यावर उभे राहायचे. तिथला हमाल नाथाजी मापं टाकायचा आणि ओरडून सांगायचा. वजन उतरायला लागलं तसं तो म्हणायला लागला, "आण्णा, पाव रवा उतरलासा." मग, "अर्धा रवा गेला बगा." सगळं यार्ड हसायचं, आण्णाही हसायचे. पहाटे आयर्विन पुलावरून चालायला जायचे, भाकरी मोजून खायचे, चहा बिनसाखरेचा. शिमग्याला पोळी खाल्ली नाही. माणूस खरंच उतरत होता. मी माझे शब्द मागं घेतले, मनातल्या मनात.

पण वजनाबरोबर आणखी काय काय उतरत होतं, ते कॅरनबाईंच्या प्रश्नात नव्हतं.

गूळ चाखायचा नाही, असं तिकडून आलं होतं. टवका तो केवढा, पण सकाळभरात असे कितीतरी व्हायचे. आण्णांनी चाखणं बंद केलं. गूळ मोडून बघायचे, हुंगायचे आणि गप्प राहायचे. लालासाहेब नावाचे मोठे खरेदीदार होते, ते म्हणाले, "आण्णा, जीभ लावा की. खारट हाय का न्हाई, एवढंच सांगा."

"चाखलो न्हाई. कसं सांगू?"

"आवं, अंदाजानं सांगा. तुमचा अंदाज बी बास हाय."

इथंच घोडं पेंड खात होतं. अंदाजानं सांगायचं आणि ते चुकीचं निघालं तर? आण्णा म्हणाले, "चाखल्याबिगर सांगितलं म्हंजे खोटंच की ते." लालासाहेबांनी मान हलवली आणि दुसऱ्याला हाक मारली. माणसं काही वाईट नव्हती. सौदा थांबत नाही एवढंच. थोड्या दिवसांनी आण्णांना कोणी बोलवेनासं झालं आणि मग आण्णाही सकाळचे जाईनासे झाले. फक्त सोमवारी वजनाला जायचे, तेही सौदे संपल्यावर.

वखारभागात त्यांच्या दोन खोल्या होत्या. एकदा झेरॉक्सचे कागद द्यायला गेले तर आण्णा भिंतीला टेकून बसलेले, समोर घरचा फोन, ज्यावरून परदेशी लागत नसे. फोनवर काकूंनी विणलेला रुमाल. पंखासुद्धा लावलेला नव्हता. मी विचारलं, "काय करताय?" म्हणाले, "बसलोय." उन्हाची वेळ होती, रस्त्यावर सगळी दुकानं उघडी होती आणि हा माणूस आत नुसता बसला होता. मला त्यांचा राग आला. का आला ते सांगता येणार नाही. मीही दुपारी क्लासमध्ये तशीच बसते म्हणून असेल.

आता फोनचं सांगते. कार्यक्रमाच्या पहिल्या आठवड्यांत आण्णांची गाडी रुळावर नव्हती. संक्रांत नुकतीच झालेली, तिळगूळ डब्यात होता. रिपोर्ट वाईट गेला की रविवारी सकाळी ब्राह्मीचा फोन यायचा आणि ती आण्णांना झाडायची. आण्णा सोमवारी येऊन मला सांगायचे, "लय बोलली काल. आईवरनं बोलली, पोटावरनं बोलली, सोडली न्हाई." हे सांगताना त्यांचा चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा. पुढं वजन उतरायला लागलं आणि फोन बंद झाले. त्याऐवजी दोन ओळींची ई-मेल यायची. 'शाब्बास आण्णा. असंच चालू ठेवा.' मी ती वाचून दाखवायचे. वाचायला वेळ तो किती लागणार? आण्णा म्हणायचे, "एवढंच हाय?"

"एवढंच."

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचायचे. तेवढंच असायचं.

"तुम्ही फोन करा की तिला," मी एकदा म्हणाले. "हा काय फोन, हाताशी आहे. नंबर फिरवा आणि बोला."

आण्णांनी जीभ चावली. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. आण्णांनी ती ताणून पार समुद्रापलीकडं नेली होती. "लेकीच्या घरात आपुन होऊन वाजायचं न्हाई," ते म्हणाले. "जावई काय म्हनंल? बापाला करमंना, म्हनंल." काचेच्या खोक्यातल्या त्या फोनच्या शेजारच्याच खुर्चीत बसून ते मला हे सांगत होते.

चैत्र संपता संपता नाथाजी काट्यावर म्हणाला, "आण्णा, उलटं चाललंय." त्या सोमवारी आण्णांनी सांगितलं, "लिव, गूळ खाल्लोय." किती? चांगला मोठा खडा, रोज. कारण? "गूळच लिव." मी लिहिलं. रविवारी फोन आला. सोमवारी आण्णा खुशीत आले, आणि तो आठवडा त्यांनी पथ्य पाळलं. मग शाब्बासकी आली, दोन ओळींची. पुढच्या आठवड्यात पुन्हा गूळ. पुन्हा फोन.

मला वाटतं, एखाद्या आंधळ्यालाही दिसलं असतं. मला दिसायला वैशाख उजाडला. त्या सोमवारी आण्णा आले तेव्हा डॉक्टरांकडून आले होते. साखर अजून काठावरच होती, पण अगदी टोकाला. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत पलीकडं जाल, काकूंच्या रस्त्याला लागाल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आण्णांनी ते मला जसंच्या तसं सांगितलं आणि खुर्चीत बसून म्हणाले, "हां, विचार."

मी विचारत गेले. वजन वाढलेलं. चालणं नाही. गूळ रोज, दोन्ही वेळा. मग शेवटचा प्रश्न.

"कारण?"

"गूळ."

"आण्णा, गूळ खाल्ला हे झालं. ते विचारतायत, का खाल्ला?"

"लिव की, खावासा..." एवढं म्हणून ते थांबले. तोंड उघडं, आणि पुढचा शब्द बाहेर येईना. मग त्यांनी तोंड मिटलं.

"खावासा वाटला, असं लिहू?"

आण्णा पंख्याकडं बघायला लागले.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका. खावासा वाटला का?"

"न्हाई," आण्णा म्हणाले. "जलमभर चाखलोय मी गूळ. आता तोंडात घातला की मळमळतंय. पाण्याबरोबर गिळतोय."

या माणसाच्या स्वयंपाकघरातली संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोर आली. दिवस मावळायच्या आत, एकटं बसून, नको असलेला गूळ पाण्याबरोबर गिळणारे आण्णा.

"मग खाता कशाला?" मी जवळजवळ ओरडलेच. "तिचा फोन यायला पाहिजे ना? मग नुसतं लिहायचं, खाल्ला म्हणून. मी लिहिलं असतं. इथं कोण बघायला बसलंय?"

आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की मलाच लाज वाटली. "खाल्ल्याबिगर खाल्लो म्हणून कसं लिवायचं?" ते म्हणाले. "खोटं हुतंय की ते."

व्रत मोडू नये म्हणून माणूस स्वतःला मोडत होता. रिपोर्ट वाईट गेला पाहिजे आणि खराही असला पाहिजे, यासाठी तो खरोखरचा गूळ खात होता. मला रडावं की त्यांच्या डोक्यात टाइपरायटर घालावा, कळेना. मी पाणी आणलं. ते प्यायले.

"आता विचारलंयस," आण्णा म्हणाले. "लिव. लेकीचा फोन यावा म्हणून."

मी ते इंग्रजीत लिहिलं. इंग्रजीत ते फार लहान झालं. पण पाठवायचं बटण मी दाबलं नाही. "आण्णा, याची प्रत ब्राह्मीला जाते. एकदा गेलं की परत येत नाही. पाठवू?"

"तिला वाईट वाटंल."

"वाटू दे की."

"तुला लेक न्हाई म्हणून बोलतीस," आण्णा म्हणाले. ते लागेल असं त्यांच्या मनात नव्हतं. मला लागलं. मी काही बोलले नाही, त्या दिवशी नावाला जागले. डबा कुईकुई करत होता. बऱ्याच वेळानं त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि उठले. "पाठीव. इचारलंय म्हटल्यावर सांगाय पायजे."

कॅरनबाईंचं उत्तर नेहमीसारखं दोन दिवसांनी आलं. प्रिय मदन, मनमोकळेपणानं सांगितल्याबद्दल आभार. एकटेपणा आणि आहार या विषयावरचं माहितीपत्रक सोबत जोडलं आहे. ते जोडलेलं काही माझ्या यंत्रावर उघडलंच नाही. ब्राह्मीकडून काहीच नाही. दोन ओळीसुद्धा नाहीत.

रविवारी फोन आला नाही. आण्णा सोमवारी आले, वजन सांगितलं, खाणं सांगितलं. गुळाला शिवले नव्हते. मी विचारलं, "या आठवड्यात गूळ का नाही?"

"आता खाऊन काय उपेग? कारण सांगून बसलोय."

त्यांनी हे शांतपणे सांगितलं आणि ते गेले. मला सबंध दिवस काही सुचेना. त्यांच्या हातात तेवढं एकच राहिलं होतं, रविवारची बोलणी. तेही मी प्रश्न विचारून विचारून काढून घेतलं, असं वाटत राहिलं. पोरीचाही राग आला. बाप असं लिहितो आणि हिला दोन ओळी खरडायला होत नाही! टायपिंगला माझ्याकडं होती तेव्हा गप्प बस म्हटलं तरी बसत नव्हती.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी क्लास लवकर बंद करून मी वखारभागात गेले. आण्णांचं जेवण झालं होतं. ताट घासून पालथं घातलेलं. दिवस नुकताच मावळला होता आणि त्यांनी दिवा लावला होता. मला चहा करून दिला, स्वतः काही घेतलं नाही. मावळल्यावर ते पाण्यालाही शिवत नाहीत. बोलण्यासारखं होतं ते सगळं सोमवारी होऊन जायचं.

फोन वाजला. मंगळवारी, संध्याकाळी. आण्णांना वाटलं, राँग नंबर. वाजू दिला. मग काकूंचा रुमाल बाजूला करून त्यांनी उचलला.

"आण्णा, मी बोलतेय."

त्या फोनचा आवाज मोठा होता. मला सगळं ऐकू येत होतं. मी उठायला लागले तर आण्णांनी हातानं बस म्हणून खूण केली.

"आज कसा केलास गं?" आण्णा म्हणाले. "जावई कुठं हाय?"

"ऑफिसला गेलाय. आत्ताच गेला. इथं सकाळ आहे."

"बरं."

मी वाट बघत होते, आता विचारेल, साखर किती, वजन किती. तिनं विचारलं नाही. आण्णाही थांबलेले, तोच प्रश्न येईल म्हणून.

"काय करताय आण्णा?"

"बसलोय."



"मी पण," ब्राह्मी म्हणाली.

आण्णांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"आण्णा, त्या कार्यक्रमात आधी मी होते. तुमच्या आधी."

"तू? तुला काय झालंय?"

"वजन वाढलं माझं. आईसारखं होईल म्हणून भ्याले. भरतेश सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. मी दिवसभर बसून खाते, आण्णा. नुसती बसून खाते."

राणीसारखी, असं आण्णा सगळ्यांना सांगायचे. ते आता माझ्याकडं बघत नव्हते.

"मला पण शेवटी तोच प्रश्न असायचा," ती म्हणाली. "का खाल्लं म्हणून."

"मग काय लिवलीस?"

"भूक लागली म्हणून. दर वेळी तेच लिहिलं. तुमचं उत्तर वाचलं तेव्हा..."

"भूक लागली नव्हती?" आण्णांनी हळूच विचारलं.

"नव्हती आण्णा."

त्यानंतर ते काय बोलले ते मी ऐकलं नाही. मी कप विसळायला आत गेले आणि कप विसळून झाल्यावरही तिथंच नळासमोर उभी राहिले. बाहेर आले तेव्हा फोन ठेवलेला होता आणि आण्णा रुमालाची घडी घालत होते. रुमाल त्यांनी पुन्हा फोनवर टाकला नाही, फडताळात ठेवला. मी निघाले, तर दारापर्यंत आले.

दुसऱ्या दिवशी बुधवार. संध्याकाळी मी पाट्या आत घेत होते. दिवस मावळला होता, आणि आण्णा आले. बुधवारी ते कधी येत नसत. त्यांच्या हातात चिठ्ठी होती. मला वाटलं इंटरनेटचं काही असेल, म्हणून मी यंत्र पुन्हा सुरू करायला लागले. आण्णा खुर्चीकडं आलेच नाहीत. सरळ त्या काचेच्या खोक्यात शिरले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि फोन पुढ्यात ओढला.

"अबोली," त्यांनी आतून हाक मारली, "अमेरिकेला आधी किती शून्यं लावायची गं? आत्ता ती एकटीच असंल."